हजार टायर, ऐंशी काचा

ब्लॅक वॉरियर नदीच्या एका वळणावर मेसन्स बेंड नावाची वस्ती आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, त्यातली हेल काउंटी आणि त्या काउंटीच्याही एका कडेला असलेली ही शंभरेक माणसांची वस्ती. मातीचे रस्ते, चाकांवरून ओढत आणून कायमची उभी केलेली ट्रेलर-घरं, फळ्या निखळलेली जुनी खोपटी. तिथे रस्ते एकत्र येतात त्या जागी २००० साली एक इमारत उभी राहिली. भिंती ठोकलेल्या मातीच्या, तुळया सायप्रसच्या लाकडाच्या आणि छपराची एक बाजू जवळजवळ जमिनीपर्यंत उतरणारी, संपूर्ण काचेची. माशाच्या अंगावर खवले असतात तशा एकीवर एक चढवलेल्या या काचा शेवरोले कप्रीस या मोटारीच्या आहेत. एकूण ऐंशी. शिकागोतल्या एका भंगारवाल्याकडून त्या १२० डॉलरना उचलल्या होत्या. म्हणजे काचेमागे दीड डॉलर.

ही इमारत बांधली ऑबर्न विद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी. वस्तीला सगळ्यांनी मिळून बसायला जागा नव्हती. प्रार्थनेला, सभेला, फिरत्या दवाखान्याची गाडी आली तर तिच्यासाठी थांबायला. तेवढीच गरज, आणि हाताशी साधारण वीस हजार डॉलर.

या काचा इतक्या स्वस्त का मिळाल्या, हे नीट पाहण्यासारखं आहे. मोटारीची समोरची काच ही एक काच नसते. दोन पातळ काचांच्या मधे प्लास्टिकचा एक पारदर्शक थर दाबून बसवलेला असतो, अपघातात तुकडे उडून चालकाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून. माणसाचा जीव वाचवणारा हाच थर गाडी भंगारात गेली की अडचणीचा होतो. काच वितळवून पुन्हा वापरायची तर आधी तो सोडवून काढावा लागतो आणि त्या खटाटोपाचा खर्च काचेच्या मोलापेक्षा जास्त होतो. बरं, साधी तावदानाची काच हिरकणीच्या एका रेघेनं कापता येते, तशी ही काच कापता येत नाही. त्यात ती वक्र. त्यामुळे भंगारवाला पत्रा विकतो, इंजिन विकतो, तारा विकतो आणि काच तशीच पडून राहते.

आता विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून बघा. कॉलेजात तो खिडकी काढतो तेव्हा आधी माप ठरवतो, मग काच मागवतो. इथे काच आधी आली, तिचं माप बदलता येत नव्हतं आणि तिचा बाक घालवता येत नव्हता. त्यामुळे सांगाड्याचं अंतर, छपराचा उतार, एका काचेवर दुसरी किती चढवायची म्हणजे पाणी आत येणार नाही, हे सगळं काचेला विचारून ठरवावं लागलं. रेखाटनाची दिशाच उलटी झाली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाची वाटते ती ही उलटी दिशा. तिच्यात एक शिक्षण आहे, आणि ते वर्गात बसून मिळत नाही.

सॅम्युअल मॉकबी या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. १९४४ साली मिसिसिपीतल्या मेरिडियनमध्ये जन्मलेला, दाढीवाला, धिप्पाड, चित्रं काढणारा हा वास्तुरचनाकार. स्वतःचा व्यवसाय चांगला चाललेला, बक्षिसं मिळालेली. ऑबर्न विद्यापीठात शिकवायला आल्यावर त्याला दिसलं की मुलं कागदावर संग्रहालयं आणि ऑपेराघरं काढतात, आणि त्याच राज्यात माणसं गळक्या खोपटांत राहतात. १९९३ साली त्यानं आणि त्याचा सहकारी डी. के. रूथ यानं मिळून रूरल स्टुडिओ सुरू केला. विद्यापीठापासून सुमारे दीडशे मैलांवर, हेल काउंटीतल्या न्यूबर्न नावाच्या लहानशा गावात. मुलांनी तिथे जाऊन राहायचं, शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायची, त्यांच्यासाठी काहीतरी रचायचं आणि ते स्वतःच्या हातानं बांधायचं.

हेल काउंटी निवडण्यामागे इतिहास होता. काळ्या सुपीक मातीमुळे या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाला काळी माती आणि कापूस हे नातं समजावून सांगायला नको. तिथे त्या कापसाच्या शेतीत गुलाम राबले, गुलामी संपल्यावर त्यांचीच मुलं-नातवंडं वाट्यानं शेती करत कर्जात रुतली. १९३६ च्या उन्हाळ्यात जेम्स एजी हा लेखक आणि वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार याच काउंटीत येऊन तीन गोऱ्या वाटेकरी कुटुंबांमध्ये राहिले आणि १९४१ साली त्यांचं ‘लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन’ हे पुस्तक आलं. त्यातली लाकडी घरांची छायाचित्रं जगभर गेली. मॉकबीची मुलं त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी तिथे पोचली, तेव्हा तशी घरं अजून उभी होती आणि त्यांत माणसं राहत होती.

पहिलं घर १९९४ साली मेसन्स बेंडमध्येच बांधलं गेलं, ब्रायंट हाउस. गवताचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचले, त्यावर गिलावा केला. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा आणि हिवाळ्यात ऊब. पण माझा जीव अडकतो तो त्या घराशेजारच्या लहानशा बांधकामात. घरमालकाला नदीतले मासे धुरावर सुकवायला एक खोली हवी होती. एका विद्यार्थ्यानं ती बांधून दिली. भिंतींना फोडलेल्या काँक्रीटचं डबर, त्यात मधे मधे रंगीत बाटल्या बसवलेल्या, छपराला रस्त्यावरच्या जुन्या पाट्या. एकूण खर्च १४० डॉलर. त्या बाटल्यांतून दिवसा आतल्या अंधारात रंगीत उजेडाचे ठिपके पडतात. मासे सुकवायला त्या ठिपक्यांची काहीच गरज नव्हती. तरी ते आहेत, आणि ज्याच्यासाठी ती खोली बांधली त्याला गरीब म्हणून उघडाबोडका डबा दिला नाही, याची ती खूण आहे. घर ऊब देणारं हवं, कोरडं हवं आणि त्यात राहणाऱ्याचा मान राखणारंही हवं, असं मॉकबी मुलांना सांगत असे. पहिल्या दोन गोष्टी सरकारी घरकुलांच्या यादीतही असतात. तिसरीसाठी त्यानं जन्म घातला.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सॉयरव्हिल इथे तीन विद्यार्थ्यांनी यान्सी चॅपल बांधलं. हे चॅपल हजार जुन्या टायरांचं आहे. जवळच्याच एका टायरवाल्याकडे टायरांचे ढीग साचले होते आणि ते हटवण्याचा हुकूम त्याला झाला होता. मुलांनी ते मागितले, त्यानं आनंदानं दिले.

टायरची भिंत कशी रचतात ते सांगायला हवं, कारण वाचणाऱ्याला वाटतं टायर रचले की भिंत झाली. न्यू मेक्सिकोत मायकेल रेनॉल्ड्स यानं सत्तरच्या दशकापासून रुळवलेली ही पद्धत आहे. टायर आडवा ठेवायचा, तळातून माती गळू नये म्हणून पुठ्ठा घालायचा, फावड्यानं माती भरायची आणि मोठ्या हातोड्यानं कडेकडेनं ठोकत जायचं. माती टायरच्या पोटात सगळीकडून ठासली जाईपर्यंत, टायर फुगून घट्ट होईपर्यंत. एका टायरमध्ये अशी सव्वाशे-दीडशे किलो माती मावते. भरलेला टायर उचलता येत नाही, म्हणून तो जिथे बसायचा आहे तिथेच भरावा लागतो. वरचा थर विटेसारखा सांधेमोड करून. या हिशेबानं हजार टायर म्हणजे शंभर टनांहून जास्त माती, फावड्यानं उचललेली आणि हातानं ठोकलेली. वरून सळ्या, जाळी आणि गिलावा. छपराच्या तुळया पाडलेल्या जुन्या घरातल्या. वर पत्रा आहे तोही जुना, गंजलेला, कापून कौलांसारखा चढवलेला. जमिनीवर जवळच्याच ओढ्या-नदीतून आणलेल्या पाटीच्या दगडाच्या फरश्या. सगळं मिळून खर्च सुमारे १५,००० डॉलर.

चॅपल टेकाडाच्या कडेत कोरून बसवलं आहे. चिंचोळ्या वाटेनं आत उतरायचं, दोन्ही बाजूंना जाड भिंती, आणि दुसऱ्या टोकाला भिंतच नाही. तिथून खालची पाणथळ जमीन आणि झाडं दिसतात. छायाचित्रं पाहून कुणाला कळत नाही की या भिंती टायरच्या आहेत. वस्तू तिच्या पूर्वायुष्याचा बोर्ड गळ्यात अडकवून उभी नाही. पुढे अशा कामांची जी लाट आली तिच्यात बऱ्याच जणांना हे जमलं नाही. बाटल्यांच्या भिंती बाटल्या दाखवण्यासाठी आणि टायरचे बाक टायर दाखवण्यासाठी केले गेले.

टाकाऊ सामान स्वस्त असतं, हा समज मला या लेखात खोडून काढायचा आहे. ते फुकट मिळतं, पण स्वस्त नसतं. पैशात जे वाचतं ते श्रमात, वेळात आणि विचारात मोजावं लागतं. नवी वीट साच्यातून येते, हजार विटा एका मापाच्या. गवंडी डोळे मिटून रचतो. जुनी वीट आधी शोधायची, मग तिच्यावरचा चुना-सिमेंट खरवडायचा, फुटकी बाजूला काढायची, माप जुळवायचं, उन्हापावसापासून झाकून ठेवायची जागा शोधायची. जुन्या लाकडातला प्रत्येक खिळा काढावा लागतो, नाहीतर करवतीचं पातं जातं. कुठली तुळई आतून पोखरलेली आहे, कुठल्या टोकाला ओल लागून कुजली आहे, हे ठोकून ऐकावं लागतं. यान्सी चॅपलच्या पंधरा हजार डॉलरांत त्या तीन मुलांची मजुरी धरलेली नाही. धरली असती तर तो आकडा किती वाढला असता याचा विचार कुणीही करून पाहावा.

म्हणूनच हे काम विद्यार्थ्यांचं आहे. ठेकेदाराला वेळ म्हणजे नुकसान. शिकणाऱ्याला तोच वेळ म्हणजे शिक्षण. महिनाभर टायर ठोकलेल्या मुलाला भिंतीच्या वजनाची कल्पना पुस्तकातून द्यावी लागत नाही. पाणी कुठून शिरतं, लाकूड कुठं वाकतं, सिमेंट किती वेळ थांबतं, हे त्याच्या अंगात उतरतं. पुढे आयुष्यभर तो कागदावर रेघ ओढेल तेव्हा त्या रेघेमागे कुणाचे किती दिवस जाणार आहेत, हे त्याला आपोआप आठवेल.

मॉकबी १९९८ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं आजारी पडला. बहिणीच्या अस्थिमज्जेवर तो सावरला, पुन्हा कामाला लागला. २००० साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ३० डिसेंबर २००१ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, तो गेला. अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेचं सुवर्णपदक त्याला २००४ मध्ये मरणोत्तर दिलं गेलं.

त्याच्या अखेरच्या काळातली दोन कामं वेगळी सांगावी लागतील. न्यूबर्नमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःला राहण्यासाठी लहान लहान खोल्या बांधल्या, त्यातली एक मेण लावलेल्या पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याच्या खोक्यांना ओल लागू नये म्हणून मेणाचा हात दिलेला असतो, आणि त्या मेणामुळेच तो पुठ्ठा पुन्हा लगद्यात घालता येत नाही. कारखान्यातून असे कातरण-तुकडे दाबून बांधलेले गठ्ठे कचऱ्यात जातात. एकेक गठ्ठा चार-साडेचारशे किलोपर्यंतचा. मुलांनी तेच गठ्ठे पायात आणि भिंतीत रचले आणि आत राहून पाहिलं. म्हणजे प्रयोग आधी स्वतःवर केला. मोटारीच्या काचेची आणि या पुठ्ठ्याची गोष्ट एकच आहे: दोन्ही कचरा झाले ते निकृष्ट म्हणून नव्हे. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना इतक्या घट्ट चिकटवल्या की पुन्हा सुट्या करणं कुणालाच परवडेना. आजच्या कचऱ्याचा मोठा भाग असाच चिकटवलेला आहे.

दुसरं काम लूसी हाउस, २००२ मध्ये पुरं झालेलं. इंटरफेस ही गालिच्याच्या फरश्या बनवणारी कंपनी. कचेऱ्यांमधून उखडलेल्या तिच्या ७२,००० फरश्या एकावर एक रचून भिंती केल्या आणि वरून जड लाकडी तुळईचं कडं बसवून तिच्या दाबाखाली त्या आवळल्या. गालिच्यातल्या रसायनांचा दर्प घरात येऊ नये म्हणून आधी त्या फरश्या सात वर्षं ठेवून दिलेल्या होत्या. सात वर्षं! बाजारातला कुठलाही माल इतका काळ कुणी थांबवून ठेवणार नाही. घराखाली वादळात दडायला एक तळखोली आहे आणि वर ठळक लाल रंगाचा वेडावाकडा मनोरा.

इथून पुढचा भाग अवघड आहे, आणि रूरल स्टुडिओच्या कौतुकाच्या लेखांमध्ये तो बरेचदा घाईत उरकला जातो. बांधणारी मुलं बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय. राहणारी माणसं बहुतेक काळी, गरीब. शहरातल्या मुलांनी सत्र संपवून पदवी घेऊन जायचं आणि गरीब कुटुंबानं मागे राहिलेल्या प्रयोगात जन्म काढायचा, हे बरोबर आहे का? टाकाऊ सामानाचं घर पहिल्यांदा गरिबालाच का द्यायचं? मोटारीची काच तडकली तर तशीच काच मेसन्स बेंडच्या माणसानं कुठून आणायची? कप्रीस गाडी तर १९९६ नंतर अमेरिकेत सर्वसामान्य ग्राहकाला विक्रीला आलीच नाही. गळती लागली, गिलावा सुटला, तर गवताच्या गठ्ठ्याची भिंत दुरुस्त करणारा गवंडी कोण?

हे प्रश्न बाहेरच्या टीकाकारांनी विचारले, आणि आतल्या माणसांनीही. मॉकबीनंतर स्टुडिओची सूत्रं अँड्र्यू फ्रीअर या इंग्लंडमधल्या यॉर्कशरहून आलेल्या शिक्षकाकडे आली. त्याच्या काळात काम हळूहळू बदललं. २००५ पासून स्टुडिओनं ‘ट्वेंटी के’ नावाचा प्रकल्प हाती घेतला: सामान आणि मजुरी धरून वीस हजार डॉलरांत बांधता येईल असं लहान घर. सामानाला सुमारे बारा हजार, मजुरीला आठ. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. ज्याचं सगळं उत्पन्न सरकारी निवृत्तिवेतन एवढंच आहे, तो माणूस दरमहा किती हप्ता भरू शकेल, तिथून तो मोजत आणला होता. या घरांना कुठलंही नवल नाही. सरळ लाकडी सांगाडा, पत्र्याचं छप्पर, पुढे ओसरी, जमिनीपासून उचललेलं जोतं. गावच्या दुकानात मिळेल तेच सामान, गावचा सुतार दुरुस्त करेल अशी बांधणी. दरवर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी मागच्या तुकडीचं घर तपासते आणि पुढचं अधिक चांगलं करू पाहते.

काही जणांना हा बदल म्हणजे मॉकबीच्या स्वप्नाची माघार वाटली. मला तसं वाटत नाही. मजुरीचे आठ हजार डॉलर त्या हिशेबात लिहिले गेले, हीच मोठी गोष्ट आहे. यान्सी चॅपलच्या वेळी जो आकडा कुणी मांडला नव्हता तो इथे मांडला गेला. टायर आणि काचांनी विद्यार्थ्यांना हात दिले; त्या हातांनी पुढे असं घर काढलं की जे दुसरा कुणीही बांधू शकेल. पहिल्याशिवाय दुसरं झालं असतं असं मला मुळीच वाटत नाही. तरी गरिबाच्या घराची जागा ही प्रयोगशाळा नव्हे, हे उशिरा का होईना, त्यांना उमगलं. प्रार्थनेची जागा, मासे सुकवायची खोली, सभामंडप, यांच्या बाबतीत प्रयोग फसला तर फार तर एक सभा भिजते.

प्रयोग कुणाच्या अंगणात करायचा, याचं एक चांगलं उत्तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन विद्यापीठानं दिलं: स्वतःच्या. डंकन बेकर-ब्राउन हा तिथे शिकवणारा वास्तुरचनाकार. त्यानं विद्यापीठाच्या ग्रँड परेड आवारात विद्यार्थी आणि बांधकाम शिकणाऱ्या उमेदवारांकडून ‘वेस्ट हाउस’ बांधून घेतलं. २०१४ च्या जूनमध्ये ते खुलं झालं. दुमजली, सरळसाधं दिसणारं घर. बाहेरून काळसर पाटीच्या दगडाची कौलं लावल्यासारखं वाटतं. त्या आहेत कचेरीतून काढलेल्या गालिच्याच्या दोन हजार फरश्या, पाठ बाहेर करून बसवलेल्या. फरशीच्या पाठीला रबरासारखा जाड थर असतो, तो पाऊस अडवतो.

भिंतींच्या पोटात काय आहे ते मात्र वाचून थांबावं लागतं. जवळपास २०,००० दात घासायचे ब्रश, चार हजार व्हिडिओ कॅसेट, चार हजार डीव्हीडीची रिकामी खोकी, फ्लॉपी डिस्क, सायकलच्या ट्यूब, जीन्सच्या कापडाची दोन टन कातरण. ब्रशांचा मोठा भाग गॅटविक विमानतळावरून आला. विमानात प्रवाशांना दिलेला ब्रश, एकदा वापरलेला, विमान झाडताना गोळा होतो. या वस्तू पोकळीत भरल्या की त्यांच्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा थंडी अडवते. कुठली वस्तू किती थंडी अडवते हे कळावं म्हणून प्रत्येक कप्प्यात वेगळा माल भरला आणि भिंतींत मोजणीची साधनं बसवली. काही ठिकाणी भिंतीला पारदर्शक झरोके आहेत, आतला माल दिसावा म्हणून. एक भिंत खडूच्या ठोकलेल्या मातीची. इंग्लंडचा तो किनारा खडूच्या दगडाचाच आहे, आणि खोदकामातून निघणारा खडू ही तिथली टाकाऊ माती.

या घराला नगररचनेची रीतसर परवानगी आहे, बांधकामाचे सगळे नियम ते पाळतं, आणि ऊर्जेच्या वापरासाठी त्याला ‘ए’ श्रेणी मिळाली आहे. परवानगीचं पत्र हे मला त्या ब्रशांच्या आकड्यापेक्षा मोठं काम वाटतं. जुन्या सामानाची अडचण बरेचदा ताकदीची नसतेच. नव्या विटेबरोबर कारखान्याचा दाखला येतो, जुन्या तुळईबरोबर काही येत नाही. सही करणारा अभियंता म्हणतो, कशाच्या जोरावर सही करू? ब्रायटनच्या भिंतींमधली मोजणी हा तो दाखला तयार करण्याचा प्रयत्न आहे.

आपल्याकडे खरं तर दाखल्याविना हे चालत आलेलं आहे. देशावर घर पाडलं की तुळया, खांब, चौकटी, घडीव दगड पुढच्या घरात गेलेच. कोकणात कौलं उतरवून जपून रचून ठेवतात. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा पाडणारा ठेकेदार आधी सागवानी कडीपाटाचा अंदाज घेतो, आणि त्या लाकडाच्या किमतीवर पाडण्याचा व्यवहार ठरतो. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशी दारं, खांब, गज लावलेल्या खिडक्या भिंतीला टेकून उभ्या असतात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार तर सगळ्यांना ठाऊक आहे. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याबद्दल केंद्र सरकारनं २०१६ साली वेगळे नियम केले. पण त्या नियमांच्या आधीपासून ही साखळी भंगारवाले, सुतार आणि पाथरवट यांनी सांभाळली आहे. त्यांच्याकडे याचं शास्त्र आहे, आणि ते आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही.

नवी मुंबईत बेलापूरला पिंकिश शहा आणि शिल्पा गोरे-शहा यांच्या एस प्लस पीएस या संस्थेनं २०१५ मध्ये पुरं केलेलं कोलाज हाउस आहे. त्याच्या दर्शनी कोपऱ्यावर शहरातल्या पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या जोडून एक पूर्ण भिंत केली आहे, अंगणात शंभर वर्षांचे जुने खांब आहेत. ते सुखवस्तू कुटुंबाचं घर आहे आणि मला ती गोष्ट उलट बरी वाटते. पैसा असलेल्यानं, निवड हाताशी असताना, जुनं दार निवडलं, की जुन्याला लागलेला गरिबीचा डाग निघतो.

विद्यार्थ्यांचं उदाहरणही आपल्या देशातच आहे. खरगपूरच्या आयआयटीत वास्तुकला शिकणाऱ्या पूजा राय हिनं सोबत्यांना घेऊन जवळच्या मुलांसाठी जुन्या टायरांचं खेळाचं मैदान केलं. त्यातूनच पुढे अँटहिल क्रिएशन्स ही संस्था झाली आणि देशात ठिकठिकाणी तशी मैदानं उभी राहिली. झोका, बोगदा, घसरगुंडी. टायरला तिथे भिंतीचा भार पेलायचा नाही, फक्त लवायचं आणि परत जागेवर यायचं, आणि त्यासाठीच तर तो जन्मला होता.

महाराष्ट्रात वास्तुकलेची कॉलेजं भरपूर आहेत. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्यात एखाद्या कार्यालयात उमेदवारी करावी लागते, पण ती बहुतेक संगणकापुढे बसून. मुलं रात्र रात्र जागून माउंटबोर्डची आणि फोमची सुंदर मॉडेलं करतात, परीक्षक येतात, गुण देतात, आणि जून आला की मॉडेलं कॉलेजच्या मागच्या बाजूला फेकली जातात. पाच वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी एक वीटसुद्धा रचलेली नसते. ज्या राज्यात रोज वाडे, चाळी, जुन्या सोसायट्या पाडल्या जात आहेत, तिथे हे होत असल्याचं मला मनापासून दुःख आहे. साहित्य कॉलेजच्या फाटकाबाहेरून ट्रकमधून चाललेलं असतं आणि आत मुलं फोम कापत असतात.

एक सत्र यासाठी काढावं. चौथ्या वर्षीचं चालेल. प्राध्यापकांच्या बरोबरीनं एक गवंडी आणि एक सुतार यांना शिक्षक म्हणून नेमावं, आणि शिक्षकाचा पगार द्यावा. मुलांनी पहिले दोन महिने काहीही काढू नये. पाडकाम कुठे चाललं आहे ते पाहावं, भंगारवाल्यांच्या ओळखी कराव्यात, मिळालेल्या प्रत्येक वस्तूचं वजन-माप-दोष वहीत लिहावेत. हिशेबाच्या वहीत मजुरीचा रकाना असावा आणि तो स्वतःच्या तासांनी रोज भरावा. घर बांधायला घेऊ नये. एसटीचा थांबा घ्यावा, ज्याला छप्पर नाही असा, कॉलेजपासून रोज जाता येईल एवढ्या अंतरावरचा. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि थांब्यावर रोज उभ्या राहणाऱ्या बायकांना ऊन कुठून येतं, पाऊस कुठून मारतो, हे विचारल्याशिवाय पहिला खड्डा खणू नये. बांधून झाला की त्याला दोन पावसाळे काढू द्यावेत. त्यानंतर जी तुकडी चौथ्या वर्षात येईल, तिला नवीन काही देण्याआधी त्याच थांब्याची दुरुस्ती द्यावी, आणि त्या दुरुस्तीला नव्या बांधकामाइतकेच गुण ठेवावेत.